पूर आणि घर : पाणी दाराशी येण्यापूर्वी

रोहिणी सरून मृग लागण्याच्या सुमारास शहरातील घराघरांत पावसाळ्याची तयारी सुरू होते. गच्चीवर जलरोधक रसायनाचा हात फिरतो, खिडक्यांवरचे पत्रे तपासले जातात, पन्हळीतील पालापाचोळा काढला जातो. ही सारी तयारी वरून येणाऱ्या पाण्यासाठी असते. रस्त्यावरून, नाल्यातून किंवा मोरीच्या जाळीतून वर चढत येणाऱ्या पाण्याचा विचार मात्र बहुतेक घरांत होत नाही. ते पाणी ‘दुसऱ्यांच्या’ भागात येते, अशी आपली समजूत असते.

गेल्या दोन दशकांनी ही समजूत अनेकदा खोटी ठरवली आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एक हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एवढा पाऊस पडला, तर एका दिवसात ८७ हजार लिटरहून अधिक पाणी साचते. त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही पाऊस झाला नव्हता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने सांगली व कोल्हापूरला आठवडाभर वेढा घातला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काही तासांत वस्त्या उद्ध्वस्त केल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांचे व घरांचे तळमजले बुडाले. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून मुठा नदीत सुमारे ३५ हजार क्युसेकचा विसर्ग सुरू असताना पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीतील सोसायट्यांमध्ये पाणी भरले. झोपडपट्टी, बाजारपेठ, मध्यमवर्गीय सोसायटी यांपैकी कोणालाही या यादीत सूट मिळालेली नाही.

पूर थांबवणे एका घराच्या हातात नसते. तथापि पुरामुळे घराचे किती नुकसान व्हावे, हे बऱ्याच अंशी घरमालकाने आणि सोसायटीने आधी केलेल्या कामांवर ठरते. ही कामे फार खर्चिक नसतात. मात्र त्यांमागचे तत्त्व समजून घेतले नाही, तर ती निरुपयोगी आणि क्वचित धोकादायकही ठरतात.

वर जे पूर सांगितले, त्यांचे स्वभाव एकमेकांहून वेगळे आहेत. सांगली-कोल्हापूरचा पूर संथ असतो. पाणी इंचाइंचाने चढते आणि चढले की दिवसेंदिवस उतरत नाही. ओढ्या-नाल्याचा पूर तासाभरात येतो, तितक्याच लवकर ओसरतो, पण त्याला वेग असतो. भिंती पडतात त्या बहुधा या वेगाने. मुंबईचे पाणी तिसऱ्या प्रकारचे. अतिवृष्टी आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पर्जन्यवाहिन्यांची तोंडे समुद्राच्या पातळीखाली जातात आणि शहरातील पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. ओहोटी लागली की ते उतरू लागते. म्हणून आपल्या दाराशी पाणी किती उंच येईल, किती वेगाने येईल आणि किती काळ राहील, हे प्रश्न प्रथम सोडवायला हवेत. चार तास राहणारे दीड फूट पाणी अडवता येते. चार दिवस राहणारे सहा फूट पाणी अडवण्याच्या भरीस पडूच नये. त्या घराची तयारी निराळी असते.

पाण्याच्या उंचीचा अंदाज दोन ठिकाणी मिळतो. पहिले ठिकाण म्हणजे पूररेषेचा नकाशा. आपल्याकडे नदीकाठी दोन रेषा आखल्या जातात. सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी आणि निळी रेषा यांमधील पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो, तर निळ्या व लाल रेषेमधील पट्ट्यात निर्बंधांसह परवानगी मिळते. राज्यातील मुंबई वगळता बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार तेथे जोत्याची पातळी लाल रेषेच्या किमान ४५ सेंटिमीटर वर असावी लागते. घर घेताना आपण वास्तुशास्त्र पाहतो, रेल्वे स्थानकाचे अंतर पाहतो, शाळा पाहतो. महापालिकेच्या विकास आराखड्यावर पूररेषा कुठून जाते, हे पाहणारा ग्राहक विरळा.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही फसगत होते. असा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का असते, एवढाच त्याचा अर्थ. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंतचा पूर एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते, तर निळ्या रेषेपर्यंतच्या पुराची ५५ टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे नाणेफेकीपेक्षाही अधिक.

दुसरे ठिकाण म्हणजे परिसराची स्मृती. जुना दुकानदार, वॉचमन, जिन्याच्या भिंतीवरील ओल्या मातीची रेघ. ही माहिती मोलाची आहे, पण तिला शेवटची मर्यादा समजणे घातक ठरते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात अनेकांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानून सामान तिच्या वर रचले आणि ते निर्धास्त राहिले. पाणी ती खूण ओलांडून वर गेले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही वर्षी पंचगंगा तेथे ५५ फुटांच्या वर गेली. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना २०१९ मध्ये कृष्णेने ५७ फूट ओलांडले. जुन्या खुणेत निदान दोन-तीन फुटांची भर घालून मगच आपली पातळी ठरवावी.

सांगली-कोल्हापूरकरांची एक सवय मात्र साऱ्या राज्याने उचलण्यासारखी आहे. नदीची पातळी किती फुटांवर गेली की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येते, हे तेथील माणसाला पाठ असते. पुण्यात हाच हिशेब क्युसेकमध्ये करावा लागतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळपास शंभर टँकर. किती विसर्गाला आपल्या सोसायटीच्या फाटकाशी पाणी आले होते, याची नोंद सोसायटीच्या फलकावर कायमची लिहून ठेवावी. मग धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी कानावर आली की तिचा आपल्यापुरता अर्थ लगेच कळतो.

पाणी अडवावे की आत येऊ द्यावे?

हा प्रश्न विचित्र वाटेल, परंतु साऱ्या उपायांचा तो गाभा आहे. साचलेले पाणी भिंतीवर आडवा दाब देते आणि तो उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची दुप्पट झाली की एकूण दाब चौपट होतो. तीन फूट रुंदीच्या बंद दरवाज्यावर दोन फूट पाण्याचा भार सुमारे १७० किलो असतो. तेच पाणी चार फूट झाले की भार ६८० किलोवर जातो. आपल्या आरसीसी इमारतींत भार खांब आणि तुळया पेलतात. मधल्या चार किंवा सहा इंची विटांच्या भिंती केवळ आडोशासाठी असतात, असा आडवा रेटा घेण्यासाठी त्या बांधलेल्याच नसतात. बाहेर चार फूट पाणी आणि आत कोरडे घर, अशी स्थिती हट्टाने टिकवली तर भिंत आत कोसळण्याचा धोका असतो. त्यामुळे दोन फुटांपर्यंत, फार तर तीन फुटांपर्यंत पाणी अडवावे. त्याहून अधिक चढण्याची चिन्हे दिसू लागली की अडसर काढून ते आत येऊ द्यावे. आत-बाहेर पाण्याची पातळी सारखी झाली की भिंतीवरील दाब संपतो. फरशी धुता येते, पडलेली भिंत मात्र पुन्हा बांधावी लागते.

दोन फुटांपर्यंतचे पाणी अडवण्याचा सर्वांत साधा उपाय आपल्या जुन्या घरांत होताच. कोकणातील घरांना जांभ्याचे उंच जोते आणि ओटीवर चढायला चार-पाच पायऱ्या असत. पाणी अंगणातून वाहून जाई. सपाट, रस्त्याच्या पातळीवरचे प्रवेशद्वार ही अलीकडची आवड आहे. आता जोते उचलणे शक्य नसल्यास दारात अडसर लावता येतो. मुंबईच्या सखल भागांतील अनेक दुकानदार पावसाळ्यापूर्वी उंबरठ्यावर विटांचे दोन-तीन थर चढवतात, ते यासाठीच. घराला याहून सोयीची रचना म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची उभी खाच पक्की बसवून घेणे आणि वेळ येताच तिच्यात फळी सरकवणे. फळीच्या खालच्या व बाजूच्या कडेला रबराची पट्टी हवी, नाहीतर सारे पाणी त्या फटीतून येते. फळीची उंची दोन फुटांपेक्षा अधिक ठेवू नये. कारण वर आलेच आहे.

वाळूची पोती हा तातडीचा उपाय. तो बहुतेक ठिकाणी चुकीच्या पद्धतीने केला जातो. पोते गच्च भरले की ते दगडासारखे गोल होते आणि दोन पोत्यांमध्ये भोके राहतात. ते अर्ध्याहून थोडे अधिक भरावे, तोंड दुमडून खाली दाबावे आणि विटांप्रमाणे सांधे चुकवून थर रचावेत. प्रत्येक थर पायाने तुडवून बसवावा. खाली आणि पाण्याच्या बाजूने जाड प्लास्टिकचा कागद अंथरला नाही, तर पोत्यांची भिंत पाणी रोखत नाही, नुसते गाळून आत सोडते.

घरात पाणी दारातूनच येते, असे मानू नये. तळमजल्यावरील कित्येक घरांत ते प्रथम न्हाणीघराच्या जाळीतून आणि संडासाच्या भांड्यातून वर येते. बाहेरची गटारवाहिनी तुडुंब भरली की तिच्यातील पाणी आपल्या चेंबरमधून उलटे चढते. दाराशी पोती रचून बसलेल्या कुटुंबाच्या मागून मोरी उसळते, आणि हे पाणी नुसते पावसाचे नसते. यावर उपाय म्हणजे सांडपाण्याच्या नळावर एकदिशा झडप, ज्याला प्लंबर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह म्हणतात, ती बसवणे. पाणी बाहेर जाते, परत येऊ लागले की झडप मिटते. दर पावसाळ्यापूर्वी ती उघडून साफ करावी लागते. केस, प्लास्टिकचा तुकडा किंवा चिखल अडकला तर ती मिटत नाही. झडप नसल्यास जाळीवर रबराचा तुकडा ठेवून त्यावर वजन द्यावे आणि संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली मजबूत प्लास्टिकची पिशवी कोंबावी. दिसायला हे ओंगळ, पण उपयोगी.

येथे सोसायटीतील एक नाजूक प्रश्न उभा राहतो. संपूर्ण इमारतीच्या मुख्य नळावर अशी झडप बसवली आणि ती पुराने मिटली, तर वरच्या मजल्यांवरून येणारे सांडपाणी जाणार कुठे? ते तळमजल्यावरच्या घरात फुटते. तिसऱ्या मजल्यावर कोणी निवांत आंघोळ करतो आणि खालच्या कुटुंबाच्या स्वयंपाकघरात घाण पाणी येते. म्हणून झडप केवळ तळमजल्याच्या उपशाखेवर असावी, आणि वरच्या मजल्यांचा नळ स्वतंत्रपणे चेंबरला जोडलेला असावा. जुन्या इमारतीत तसे नसेल, तर पाणी चढलेले असताना वरच्या मजल्यांनी पाणी सोडू नये, हा नियम सर्वसाधारण सभेत आधीच ठरवून घ्यावा. ऐन पुराच्या दिवशी जिन्यात उभे राहून तो ठरत नाही.

जमिनीखालील पाण्याची टाकी ही दुसरी दुर्लक्षित जागा. तिचे झाकण बहुधा अंगणाच्या फरशीच्या पातळीवर असते. अंगणात अर्धा फूट पाणी साचले, तरी साऱ्या इमारतीचे पिण्याचे पाणी दूषित होते आणि पंप ते गच्चीवरील टाकीत चढवून घरोघर पोचवतो. टाकीच्या तोंडाला दोन फुटांचा विटांचा कठडा बांधून वर घट्ट बसणारे झाकण लावणे, हे एका दिवसाचे गवंडीकाम आहे. पुराचा इशारा आला की गच्चीवरील टाकी भरून घ्यावी व पंप बंद करावा. खालची टाकी मात्र भरलेलीच ठेवावी. रिकामी टाकी भोवतीच्या भूजलाच्या रेट्याने वर उचलली जाऊन तडकू शकते. मैल्याच्या टाकीचेही तेच. पावसाळा सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ती उपसावी, ऐन पुराच्या तोंडावर नाही.

सर्वांत मोठा धोका विजेचा

पुरातील मृत्यू म्हणजे बुडून आलेला मृत्यू, असे आपण धरून चालतो. २५ जुलै २०२४ रोजी पुण्यात डेक्कन परिसरातील पुलाची वाडी येथे तिघांचा मृत्यू झाला, तो विजेच्या धक्क्याने. साचलेल्या पाण्यातून ते आपली हातगाडी हलवत होते. घोट्याएवढे पाणीही यासाठी पुरेसे असते.

बहुतेक इमारतींत विजेचे मीटर जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये हाताला येतील अशा उंचीवर असतात. पूरप्रवण भागात ही सर्वांत महागात पडणारी सवय आहे. मीटर पाण्याखाली गेले की पूर ओसरल्यावरही अख्खी इमारत कित्येक दिवस अंधारात राहते, लिफ्ट नाही, पंप नाही आणि म्हणून नळाला पाणी नाही. मीटरची खोली ठरवलेल्या पूरपातळीच्या वर, शक्य असल्यास मधल्या पोटमाळ्यावर किंवा उंच चौथऱ्यावर नेण्यासाठी वीज कंपनीकडे अर्ज करावा. खर्च सोसायटीला करावा लागतो. ‘पाणी तर तळमजल्यात येते, आम्ही का पैसे द्यायचे’ असा सूर सभेत हमखास निघतो. चौथ्या मजल्यावरच्या आजींना जिना चढवून पाण्याच्या बादल्या कोण नेऊन देणार, असा प्रश्न त्यावर विचारावा.

घरात आरसीसीबी नावाचा सुरक्षा स्विच असलाच पाहिजे. ३० मिलिअँपिअर एवढा विद्युत्प्रवाह जमिनीकडे गळू लागताच तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर एक छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून स्विच पडतो का, ते पाहावे. तळमजल्याच्या घरात प्लगचे सॉकेट फरशीपासून नऊ इंचांवर न ठेवता निदान चार फुटांवर घ्यावेत, तारा छतातून खाली आणाव्यात. पाणी उंबरठ्याशी येण्यापूर्वी, पाय कोरडे असताना मुख्य स्विच बंद करावा. पाण्यात उभे राहून तो बंद करण्याचे धाडस कोणीही करू नये. अशा वेळी वीज कंपनीला कळवून बाहेरूनच पुरवठा तोडायला सांगावे. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे इन्व्हर्टर. मुख्य स्विच पडला की तो आपले काम सुरू करतो आणि ओल्या भिंतींतील तारांत वीज खेळवत राहतो. तो स्वतंत्रपणे बंद करून बॅटरीची जोडणी काढावी. गच्चीवर सौर पॅनेल असतील, तर त्यांचाही स्विच.

गॅसच्या सिलिंडरबाबत एक गंमत सांगण्यासारखी आहे, अर्थात ती अनुभवताना गंमत वाटत नाही. भरलेला घरगुती सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो. मात्र त्याचे आकारमान इतके असते की त्याहून अधिक वजनाचे पाणी तो बाजूला सारतो. त्यामुळे रिकामाच नव्हे, तर भरलेला सिलिंडरही तरंगतो आणि तरंगताना रबरी नळी खेचली जाऊन तुटते. रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर उभाच भिंतीतील कडीला साखळीने बांधावा. फ्रिज हा तर हवाबंद पेटारा. तो तरंगतो, कलंडतो आणि दारामागे आडवा पडून दरवाजाच अडवतो. घर सोडण्याची वेळ आली, तर त्याला ओट्यावर चढवण्यात शक्ती घालवण्यापेक्षा दोरीने खिडकीच्या गजांना बांधणे बरे.

ज्या भागात पाणी दर काही वर्षांनी आत येणारच, तेथे घराची अंतर्गत सजावट त्या हिशेबाने करावी. पार्टिकल बोर्ड आणि साध्या प्लायवूडची कपाटे एका भिजण्यात फुगून फुटतात. त्याऐवजी ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, अॅल्युमिनियमची किंवा स्टीलची दारे चालतात. जमिनीपासून चार फुटांपर्यंत जिप्समचा गिलावा करू नये. ते पाणी पिते आणि भुसभुशीत होते. सिमेंटचा गिलावा भिजतो, पण टिकतो. त्यावर फरशी लावल्यास चिखल धुऊन निघतो. पलंगाखालील पेटीत वर्षभराचे धान्य आणि गाद्या साठवण्याची आपली पद्धत अशा घरात सोडावी लागते. कागदपत्रे, म्हणजे खरेदीखत, शेअर सर्टिफिकेट, पारपत्र, मुलांच्या गुणपत्रिका, जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत एकाच जागी आणि उंचावर असावीत, आणि त्यांची छायाचित्रे नातेवाइकाकडेही.

शहरांत आणखी एक पूर माणसाने स्वतः बांधून घेतलेला आहे. जुना थर न खरवडता रस्त्यावर डांबराचे, पुढे काँक्रीटचे थर चढत गेले आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वी रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या उंच असलेल्या इमारती आज रस्त्याच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली आल्या. पाऊस वाढला नाही, तरी अशा इमारतीत पाणी येणारच. रस्त्याचे काम सुरू होताच सोसायटीने विभाग कार्यालयात लेखी पत्र देऊन दोन गोष्टी मागाव्यात. जुना थर काढून मगच नवा टाकावा, आणि रस्त्याची अंतिम पातळी आपल्या फाटकापाशी खुणेने दाखवावी. काम संपल्यावर केलेल्या तक्रारीने रस्ता खाली येत नाही.

पार्किंग तळघरात असल्यास उताराच्या तोंडाशी नऊ इंचांचा उंचवटा आणि त्यापुढे आडवी जाळीची गटार हवी. तळघरातील उपसा पंप विजेवरच चालणारा असेल, तर ऐन वेळी तो निकामी ठरतो, कारण वीज तेव्हाच गेलेली असते. डिझेलचा एक लहान पंप वरच्या पातळीवर ठेवावा. पाणी भरू लागल्यावर गाडी काढण्यासाठी तळघरात कोणीही उतरू नये. उतारावरून येणारा लोंढा काही मिनिटांत बाहेर पडण्याचा मार्ग बंद करतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करावी. तिच्या खड्ड्यात पाणी प्रथम साचते.

इशाऱ्यांकडे पाहण्याची दृष्टीही थोडी सुधारायला हवी. हवामान खात्याच्या परिभाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अतिजोरदार’ आणि २०४.४ च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस मानला जातो. लाल इशारा म्हणजे ‘कृती करा’. मुंबईकरांनी त्यासोबत भरतीची वेळ पाहावी. साडेचार मीटरहून उंच भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडणार असेल, तर सखल भागातील सामान त्यापूर्वीच हलवावे. आपत्तीच्या वेळी जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि मुंबई महापालिकेसाठी १९१६ हे क्रमांक आहेत. घरात वृद्ध, रुग्ण किंवा गरोदर स्त्री असल्यास पाणी फाटकाशी येण्याची वाट न पाहता त्यांना हलवावे. गुडघाभर वाहत्या पाण्यात तरुण माणसाचाही पाय टिकत नाही, आणि गढूळ पाण्यात उघडे मॅनहोल दिसत नाही.

पाणी ओसरल्यावर पहिले काम छायाचित्रे काढण्याचे आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करण्याचे. सरकारी पंचनामा आणि विम्याचा दावा, दोन्हींसाठी ती लागतात. चिखल ओला असतानाच पाण्याच्या फवाऱ्याने काढावा. एकदा वाळला की तो सिमेंटसारखा चिकटतो. वायरमनने तारांची तपासणी केल्याशिवाय मुख्य स्विच चढवू नये, आणि भिजलेले उपकरण उन्हात वाळले म्हणून चालू करून पाहू नये. टाकी उपसून, घासून, क्लोरीनने निर्जंतुक करून भरावी. तोवर पाणी उकळूनच प्यावे. पायाला जखम असताना पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. अशा व्यक्तीने २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक औषध घ्यावे, ताप येण्याची वाट पाहू नये. २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराने अनेकांचे बळी घेतले होते.

बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. इंजिनात पाणी असताना चावी फिरवली की आतील भाग वाकतात, आणि हे नुकसान इंजिन संरक्षणाचे जादा कलम घेतले नसल्यास विमा कंपन्या सहसा नाकारतात. घराच्या विम्याबाबत परिस्थिती त्या मानाने बरी आहे. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक केले. तिच्यात पुराचे संरक्षण समाविष्ट आहे. इमारतीचा विमा घेतला की विमा रकमेच्या २० टक्के, मात्र जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामानाला आपोआप संरक्षण मिळते. गृहकर्जासोबत बँकेने काढलेला विमा नेमका कशाचा आहे, हे कागद उघडून वाचावे. तो अनेकदा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो.

शेवटी रंगकामाविषयी. गणपतीपूर्वी घर पुन्हा चकचकीत दिसावे म्हणून भिजलेल्या भिंतींवर घाईने पुट्टी आणि रंग चढवला जातो. भिंतीच्या पोटातील पाणी तेव्हा आतच कोंडले जाते आणि दोन महिन्यांत पांढरे क्षार, पोपडे आणि बुरशी बाहेर येते. भिंत खरवडून, पंखे आणि खिडक्या उघड्या ठेवून ती सुकू द्यावी. भिंत सुकली का, हे पाहायला एक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावावा आणि दुसऱ्या दिवशी काढून पाहावा. आतून दव दिसले, तर रंगाऱ्याला आणखी पंधरा दिवसांनी बोलवावे.